साखर पानात नसली तरी

श्रोतेहो, मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. पण घरी आईला मधुमेह आहे आणि त्यापायी जे शिकावे लागले तेच आज सांगतो.

आईने साखर सोडली तेव्हा आम्ही निश्चिंत झालो. चहात तेवढा गुळाचा खडा आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी. 'यात कुठे आली साखर?' असे ती विचारी आणि आम्ही मान डोलवीत असू. मग एका एकादशीला खिचडीनंतर दोन तासांनी बोटाचे रक्त यंत्रावर तपासले. आकडा आला २८०. आमची तोंडे पाहण्यासारखी झाली.

चूक अशी, की आम्ही जिभेवर भरवसा ठेवला. शिक्षकबंधूंनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांना कोरड्या भाकरीचा घास न गिळता दोनेक मिनिटे चावायला सांगावे. घास हळूहळू गोडसर लागू लागतो. भाकरीतले पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. लाळेने त्या तुटू लागतात, उरलेले काम आतड्यात होते. म्हणजे साखर पानात नसली तरी रक्तात येतेच. किती येते आणि किती वेगाने, एवढाच प्रश्न.

हा वेग मोजण्याची रीत १९८१ साली कॅनडात टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतके अन्न द्यायचे, दोन तास रक्तातली साखर पाहायची आणि ग्लुकोजला १०० धरून तुलना करायची. साबुदाणा हे कंदातले जवळजवळ निव्वळ पिष्ट. चोथा नाही, प्रथिने नाहीत. त्याला अडवणार कोण? हरभऱ्याची डाळ मात्र या मोजणीत अगदी खालच्या पायरीवर असते. गुळाचे म्हणाल, तर रंग निराळा, पण बहुतांशी तो साखरच.

भाकरीचा आपल्याला अभिमान आहे नि तो रास्त आहे. तरी 'भाकरी कितीही खा' हे काही खरे नव्हे. १०० ग्रॅम ज्वारीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. गव्हाहून फारशी कमी नाहीत. तीन भाकऱ्यांच्या दीड केल्या आणि उसळ, पालेभाजी वाढवली, की यंत्र स्वतःच बोलते. आईला उपवास सोड म्हणण्याची माझी छाती नव्हती. आता खिचडीऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी आणि काकडी असते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये.

कारण साखर एकाएकी उतरतेही. दरदरून घाम येतो, हात कापतात, बोलणे भरकटते. तुमच्या वर्गात इन्सुलिन घेणारे मूल असेल, तर हे ध्यानात ठेवा. त्या वेळी भाकरी नको, फुटाणे नकोत. त्यांना उशीर लागतो. एरवी टाळायची तीच साखर, तीन चमचे, पाण्यात विरघळवून पाजावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखाना गाठावा.