परभाषेंत लिहिणाऱ्या मुलांविषयीं



घरांत एक बोली व वहींत दुसरी भाषा ही स्थिति आम्हां वसईकरांस नवी नव्हे. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या घरांतील मुलें ग्रांथिक मराठी शाळेंतच शिकत आलीं. आतां त्यांच्या शेजारीं हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांतील मुलेंही बसतात. त्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईचा जो वर्षाव होतो, त्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे.

असा मुलगा 'माझी पुस्तक' असें लिहितो. त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, हिंदींत पुस्तक हा शब्द स्त्रीलिंगी आहे व त्या भाषेंत नपुंसकलिंग मुळींच नाहीं. 'मीने पत्र लिहिलें' हेंही 'मैंने'च्या वळणावर गेलें. 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन्ही अर्थ हिंदींतील एका 'हम'मध्यें मावतात. ऐकणारा त्यांत धरला कीं नाहीं, हा प्रश्न त्यास मराठीनेंच प्रथम घातला. या चुका अज्ञानाच्या नव्हेत. एका भाषेचा नियम दुसरीस लावल्याच्या आहेत. कारण समजलें म्हणजे त्या सुटूं लागतात. नुसती रेघ ओढली तर मुलगा पुढल्या वेळीं चारच ओळी लिहितो. आणि चार ओळींत चुका कमी झाल्या म्हणून गुरुजी संतुष्ट होतात!

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. ते १५७९ सालीं गोव्यास आले, आणि १६१६ सालीं त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. त्याचा छंद श्रोत्यांच्या कानांत आधींच मुरलेला होता. त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं निघालें. परभाषा शिकणारास नमुना व नियम हीं दोन्ही लागतात, हें त्यांच्या या दोन ग्रंथांवरून दिसतें. आमच्या मुलांस आम्ही बहुधा नियमच देतों, तोही रागानें.

आमची विनंति अशी कीं, रविवारीं मिस्सा झाल्यावर ज्यांस तासभर सवड असेल त्यांनीं एकेका मुलाजवळ बसावें. सांगावयाचें तें त्यास आधीं घरच्या बोलींत सांगूं द्यावें. लिहिलेलें सारें वाचून काय समजलें तें त्यास कळवावें, मग एकाच जातीची चूक धरावी. बाकीच्या त्या दिवशीं राहूं द्याव्या. शाळेचे बांक रविवारीं मोकळेच असतात. तांबडी शाई मात्र घरीं ठेवून यावी.