धूर हवा, विस्तव नको

माणिकगडच्या डोंगररांगांवर वसलेला जिवतीचा प्रदेश चैत्र-वैशाखांत पाहणाऱ्यास दोन गोष्टी एकदम जाणवतात. एक, मोहाच्या फुलांचा दाटून राहिलेला गोड वास. आणि दुसरी, पायाखालीं वाजणारा पाचोळा. साग, तेंदू, पळस यांचीं पानें अशीं कोरडीं झालेलीं असतात, कीं एखादी ठिणगी पडण्याचाच काय तो अवकाश. महाराष्ट्राचें वनखातें दरवर्षीं १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ वणव्याचा काळ म्हणून धरतें. आणि रानांतील मध काढण्याचा हंगामही बहुतेक याच काळांत येतो. मध काढावयाचा तर धूर हवा. धूर हवा तर विस्तव हवा. आणि विस्तव तर या ऋतूंत रानाचा वैरी! या पेचांतून माणसानें जी वाट काढली आहे, तिचें नांव स्मोकर.

वस्तु पाहिली तर अगदीं साधी. पत्र्याचा एक उभा डबा, त्याला बिजागरीचें झांकण, झांकणास पुढें वळलेली चोच, आणि डब्याच्या पाठीशीं जोडलेला लहानसा भाता. लोहाराचा भाता जें काम करतो तेंच काम हा भाता करतो. फरक इतकाच, कीं लोहाराला जाळ हवा असतो आणि मधपाळाला धूर तेवढाच हवा असतो. डब्याच्या तळाशीं जाळी असते. तिच्यावर इंधन धुमसत राहतें. भाता दाबला कीं जाळीखालून हवा शिरते आणि चोचींतून धूर हव्या त्या ठिकाणीं सोडतां येतो. भात्याचा असा स्मोकर अमेरिकेंतील मोझेस क्विन्बी यांनीं १८७० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणला; पुढें टी. एफ. बिंगहॅम यांनीं त्यांत सुधारणा केल्या. धुराची युक्ति मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. इजिप्तमध्यें रेखमिरे नांवाच्या अधिकाऱ्याच्या सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या थडग्यांत, मधमाशांच्या पोळ्यांसमोर धुराचें भांडें धरलेला मनुष्य चितारलेला आहे.

धुरानें माशांना गुंगी येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. पोळ्यावर पहारा करणारी माशी चिडली, कीं तिच्या नांगीजवळून एक तीव्र वास बाहेर पडतो. या वासांतील मुख्य द्रव्य १९६२ मध्यें शास्त्रज्ञांनीं ओळखलें. आयसोपेंटिल ॲसिटेट हें त्याचें नांव, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासाशीं त्याचें बरेंच साम्य आहे. हा वास म्हणजे माशांचा धोक्याचा नगारा होय. एका माशीनें तो वाजवला, कीं शेंकडों धांवून येतात. धुरामुळें माशांच्या मिशांची वास घेण्याची शक्ति कांहीं मिनिटें मंदावते आणि नगारा ऐकूंच येईनासा होतो. शिवाय, धूर आला कीं पुष्कळ माशा पोळ्यांतील मध पोटांत भरून घेण्याच्या गडबडीला लागतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. माशांना भाजावयाचें नसतें, गुदमरवावयाचें नसतें. केवळ त्यांची आपसांतील बातमी थोडा वेळ थांबवावयाची असते. एवढ्या कामास पातळ आणि थंड धूर पुरेसा होतो. गरम धुरानें पंख होरपळतात आणि माशा शांत होण्याऐवजीं अधिकच खवळतात.

आतां पेटत्या टेंभ्याची जुनी रीत पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील पुष्कळसा मध आग्या मोहोळाचा. ही माशी मधपेटींत राहत नाहीं. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला ती एकच मोठें, उघडें पोळें लटकवते. अंधारांत टेंभा लावून तें जाळलें म्हणजे माशा मरतात, अंडी-पिलें मरतात, मधांत राख आणि मेण मिसळतें, आणि झाडाखालीं निखाऱ्यांचा पाऊस पडतो. ज्या माशांनीं रानांतील फुलांना फळ धरविलें असतें, त्यांचाच असा शेवट होतो. आणि पुढल्या वर्षीं त्या झाडाकडे मधासाठीं पाहणाऱ्याचे हात रिकामे राहतात. शहरांतील इमारतींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर बसलेल्या आग्या मोहोळाची गत पुष्कळदां याहून निराळी नसते.

या रीतीस पर्याय आहे, आणि तो याच मुलखांत रुजलेला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. हें गांव त्याच्याही पूर्वींपासून आपल्या अभ्यासगटांसाठीं ओळखलें जातें. कोणताही प्रश्न गांवानें बसून अभ्यासावा आणि मग निर्णय करावा, असा तेथील परिपाठ. मधमाशीचाही असाच अभ्यास झाला, आणि माशा न मारतां मध काढण्याचा मार्ग गांवानें पत्करला. आग्या माशीच्या पोळ्यांत मध वरच्या, फांदीलगतच्या जाड भागांत सांठतो. पिलें खालच्या भागांत असतात. मधाचा तेवढा भाग कापून घ्यावा आणि पिलांचा तसाच राहूं द्यावा, हें त्या मार्गाचें सार. माशा पोळें सोडीत नाहींत, आणि फुलोरा असेल तर रिकामा भाग पुन्हां भरतात. वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेंही या पद्धतीच्या प्रसारास हातभार लावला आहे. परंतु असें नाजूक काम जळत्या टेंभ्याच्या उजेडांत होत नाहीं. त्यास अंगभर पोशाख, तोंडावर जाळीचा बुरखा, आणि हुकमी धूर लागतो.

म्हणून स्मोकर निवडतांना किंमतीहून विश्वासाकडे अधिक पाहावें. फार लहान डबा घेऊं नये. त्यांतील इंधन भराभर संपतें आणि ऐन वेळीं धूर तुटतो. सुमारें दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि अठरा-वीस सेंटिमीटर उंचीचा डबा बहुतेक कामांस पुरतो. साधा पत्रा स्वस्त, पण तो गंजतो. स्टेनलेस स्टीलचा डबा महाग, पण वर्षानुवर्षें टिकतो. डब्याभोंवतीं तारेची जाळी असावी, म्हणजे हात भाजत नाहीं आणि तापलेला पत्रा वाळल्या गवताला टेकत नाहीं. अडकवावयास आंकडा असावा. भात्याचें भोंक आणि डब्याचें भोंक समोरासमोर असावें, परंतु दोहोंमध्यें थोडी फट हवी. त्या फटीमुळें भाता स्वस्थ असतांनाही विस्तवाला हवा मिळते आणि ठिणगी भात्यांत ओढली जात नाहीं. शेवटीं, भात्याचें भोंक बोटानें बंद करून तो दाबून पाहावा. कडेनें हवा निसटली, तर तो स्मोकर दुकानांतच ठेवावा.

इंधनाची वाण रानांत कधींच नसते. वाळलेली गोवरी, सुकें गवत, धानाचें तणस, लांकडाचा भुसा, तागाच्या जुन्या पोत्याचे तुकडे, यांपैकीं कांहींही चालतें. कोंकणांत नारळाचीं सोडणें वापरतात. परंतु ज्या पोत्यांत कीटकनाशक भरलेलें होतें तें पोतें, तेलकट चिंध्या, रॉकेल, प्लॅस्टिक किंवा कृत्रिम धाग्याचें कापड डब्यांत कधींही घालूं नये. तो धूर माशांना विष, आणि मधालाही.

प्रथम थोडें गवत पेटवून तळाशीं सोडावें आणि भाता हलक्या हातानें चालवावा. जाळ धरला, कीं गोवरीचे तुकडे थोडथोडे घालीत डबा भरावा. तो घट्ट ठासूं नये, अगदीं सैलही ठेवूं नये. सर्वांवर ओल्या, हिरव्या गवताची एक मूठ ठेवावी. हें हिरवें गवत म्हणजे स्मोकरचा द्वारपाल; तें धूर थंड करतें आणि ठिणगी अडवतें. मग चोचीसमोर उलटा हात धरून धूर पाहावा. हाताला सोसेल तोच माशीला सोसेल. सातेरी माशीच्या पेटीपाशीं दारांत दोन-तीन फुंकर पुरतात. मग मिनिटभर थांबून झांकण उघडावें. जास्त धूर दिल्यास मधाला त्याचा वास लागतो आणि जाणता गिऱ्हाईक तो एका बोटावर ओळखतो.

स्मोकरचे शत्रु दोन. पहिला, आंतून बसणारा डांबरासारखा चिकट थर. त्यानें चोच अरुंद होते आणि झांकण असें चिकटतें, कीं तें उघडावयास दगड शोधावा लागतो. दर चार-सहा वेळां वापरल्यावर पेटी उघडण्याच्या पटाशीनें तो खरवडून काढावा; जाळीचीं भोंकें तारेनें मोकळीं करावींत. दुसरा शत्रु भात्याच्या चामड्याचा कोरडेपणा. उन्हाळ्यांत चामडें तडकतें. त्याला अधूनमधून तेलाचा हात द्यावा. पावसाळ्यांत स्मोकर टांगून ठेवावा, नाहीं तर उंदीर भात्याचा फराळ करतात. फाटलेल्या भात्याला गांवचा चांभार रेक्झिनचें नवें अंग लावून देतो.

राहतां राहिलें काम सर्वांत शेवटचें, आणि थकल्या हातांकडून हमखास विसरलें जाणारें. मध उतरला, डबे भरले, माणसें घराकडे निघालीं, तरी स्मोकरच्या पोटांत विस्तव जिवंतच असतो. तो राखेसकट झाडाखालीं झटकणें म्हणजे दिवसभराची सावधगिरी एका क्षणांत मातीमोल करणें होय. चोचींत हिरव्या गवताचा बोळा बसवावा, स्मोकर मोकळ्या मातीवर आडवा ठेवावा, हवा तुटून तो विझूं द्यावा. मग राख पाण्यांत टाकावी किंवा खड्डा करून पुरावी, आणि पत्र्याला हात लावून तो गार झाला आहे याची खात्री करावी. जिवतीच्या पठारावर मधाची मोहीम मध उतरल्यानें संपत नाहीं. राख गार झाली म्हणजेच ती संपते.