मुक्काम फुकट नसतो
(गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



मेळाव्याच्या पत्रकात एक ओळ आहे, 'निवास : गावातील घरी, विनामूल्य'. आपण बाहेरगावाहून आलेल्या सगळ्या जणी काल रात्री गोरेगावातल्या घरांत झोपलो. सकाळी कुणी पाणी तापवून दिले, कुणी पोहे केले. मला आज त्या 'विनामूल्य' शब्दाबद्दल बोलायचे आहे.

२०१२ साली मी एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यासाठी याच तालुक्यातल्या एका गावात दहा दिवस राहिले. ज्यांच्याकडे राहिले त्यांना मी काकू म्हणत असे. घर दोन खोल्यांचे. मला आतली खोली आणि घरातली एकुलती एक जाड गोधडी दिली. काकू चुलीपाशी पोते अंथरून झोपत. मी नको म्हटले की म्हणत, "झोप गं पोरी, आम्हाला सवय हाय." दिवसभर मी गावातल्या बायांच्या श्रमांची पाहणी करत हिंडायची, संध्याकाळी कंदिलापाशी वही भरायची आणि काकूंनी वाढलेले ताट घ्यायची. परत गेल्यावर अहवाल लिहिला. खर्चाच्या तक्त्यात निवासापुढे लिहिले 'निरंक'. अहवालाला चांगले गुण मिळाले.

दोन वर्षांनी त्या गावात पुन्हा गेले, तेव्हा शेजारच्या बाईकडून कळले की त्या दहा दिवसांत काकूंनी चार दिवस कापूस वेचणीची मजुरी बुडवली होती. घरात तरणी पोर पाहुणी, तिला एकटी कशी टाकून जायची, म्हणून. दूध रोज उसने आणले होते. मी बायांच्या श्रमांचा अभ्यास करत होते आणि माझ्यासाठी झालेले श्रम मला दिसले नव्हते. ही चूक माझी होती. पण ती माझ्या एकटीची नाही, आपल्या चळवळीचीही आहे, म्हणून सांगते.

आपला भाग पाहुणचाराचा आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी, औंढ्यावरून परभणीकडे जाते. दिंडी गावात आली की घरोघरून भाकऱ्या गोळा होतात. पंगतीत वाढायला पुरुष असतात, फलकावर अन्नदात्याचे नाव पुरुषाचे असते आणि पहाटेपासून भाकऱ्या थापणारी बाई कुठल्याच फलकावर नसते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी इथून जवळच. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एवढ्या वाटेवर त्यांना कुणाकुणाच्या चुलीवरचे अन्न मिळाले असेल! त्या हातांची नोंद नाही. त्यांच्याच घरात दळणकांडण करणारी गंगाखेडची जनाबाई आपल्याला माहीत आहे, ती तिने स्वतःचे जाते आणि कष्ट अभंगांत आणले म्हणून.

२०२४ सालच्या सरकारी वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्री त्यावर दिवसाला २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८ मिनिटे. पाहुणा आला की ही जास्तीची मिनिटे कुणाच्या वाट्याला जातात, ते तुम्हाला सांगायला नको.

मग आपण कुणाच्या घरी उतरूच नये का? मी असे म्हणत नाही. बाईला घराबाहेर पडायचे असेल तर तिला आधी रात्रीची जागा लागते. मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट लागते. बाया माहेराला, देवाला, बाजाराला जास्त निघू लागल्या. पण रात्र पडली की काय? एका तालुक्याच्या गावी लॉजवर खोली मागितली, तर गल्ल्यावरच्या माणसाने आधार कार्ड बघण्याआधी "सोबत कोण आहे?" असे विचारले. कुणी नाही म्हटल्यावर खोल्या भरल्याचे सांगितले. किल्ल्या मागे भिंतीवर टांगलेल्या दिसत होत्या. त्या रात्री आपल्याच गटातल्या एका बाईने दार उघडले नसते तर मी बसस्थानकावर बसून असते.

बायांनी अनोळखी घरांच्या आधाराने केलेला मोठा प्रवासही आपल्या देशात झाला आहे. विनोबांच्या प्रेरणेने १९६७ साली चार स्त्रिया इंदूरजवळच्या कस्तुरबाग्रामहून बारा वर्षांच्या लोकयात्रेला पायी निघाल्या. गावोगावचे लोक देतील ती भाकर, देतील ती जागा. बाहेरच्या जगातही अशा सोयी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, डेन्मार्कमध्ये 'सर्वास' ही शांततेसाठी काम करणारी चळवळ सुरू झाली. ओळखपत्र घेऊन प्रवासी यजमानाच्या घरी साधारण दोन रात्री राहतो, पैशांचा व्यवहार नसतो. इंग्लंडमध्ये १९८४ साली खास स्त्रियांसाठी तसे जाळे उभे राहिले. त्यातल्या बाया एकमेकींकडे उतरतात. आज जी बिछाना घालते तिलाही उद्या दुसरीच्या दारी जाता येते. हे मला महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे वर्षानुवर्षे घालणारी एक आणि झोपणारी दुसरी.

यात जात आहे, तेही बोलले पाहिजे. परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती अशाच दुखण्यावर. आता आपल्याकडे या. गावात गेल्यावर आपण कुठे उतरतो? बहुतेक वेळा जिथे पक्के घर आणि संडास आहे तिथे, म्हणजे सरपंच, मास्तर किंवा पाटलाकडे. दुसऱ्या दिवशी बैठकीला दलित वस्तीतल्या, पारध्यांच्या पालावरच्या बाया आल्या नाहीत की आपण म्हणतो, त्यांच्यात जागृती कमी आहे. आपण कुणाचे मीठ खाल्ले हे त्यांनी आदल्या रात्रीच पाहिलेले असते.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. चर्चा करा, पटल्या तर ठराव करू.

मुक्कामाचे विचारायचे ते घरधन्याला नको, त्या घरातल्या बाईला विचारायचे. नाही म्हणायची मोकळीक तिला हवी. तिची मजुरी बुडणार असेल तर ती भरून द्यायची. ती पैसे घेणार नाही, मग पीठ, तेल, डाळ गटाच्या खर्चातून आधीच पोचवायचे. हिशेबाच्या वहीत 'निवास : निरंक' असे यापुढे लिहायचे नाही, काय लागले ते लिहायचे. भांडी घासायला, पाणी भरायला पाहुणीने उठायचे, आणि आपल्याबरोबर पुरुष कार्यकर्ते असतील तर त्यांनीही. उतरायची घरे पाळीने, सगळ्या वस्त्यांतली. कार्यकर्तीला अनोळखी घरी एकटीला पाठवायचे नाही. दाराला आतून कडी आहे का, संडासला रात्री कुठे जायचे, हे आधी विचारायचे. यात कुणाचा अपमान नाही. एका घरी मी संकोचाने विचारले नाही आणि रात्रभर दाराला पेटी लावून जागी बसले. आणि ग्रामसभेत एक मागणी लावून धरायची. समाजमंदिराची एक खोली, कुलूप, दिवा, पाणी आणि संडासासकट, मुक्कामी येणाऱ्या बायांसाठी राखून ठेवावी.

शेवटची सूचना सगळ्यात अवघड. ज्या बाईने आपल्याला ठेवून घेतले, तिला वर्षातून एकदा तरी आपण आपल्याकडे मुक्कामाला आणायचे.

काकूंना मी बोलावले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. मी विचारले, आजवर रात्री कुठे कुठे राहिलात? त्या म्हणाल्या, "म्हायेर, सासर, अन् धाकट्याच्या येळी दवाखाना." ऊसतोडीची खोप त्यांनी धरलीच नाही, ते काही राहणे नव्हे म्हणाल्या. घरातून परवानगी मिळायला चार महिने लागले. नवऱ्याने विचारले, भाकरी कोण करील? थोरल्या मुलाने केली, बिघडवत केली. परभणीत माझ्या एका खोलीत त्या दोन रात्री राहिल्या. पहिल्या दिवशी पहाटे चारला उठून त्यांनी झाडू शोधला. दुसऱ्या दिवशी मी चहा केला तोवर अंथरुणात बसून राहिल्या, हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. चहा पिताना म्हणाल्या, "कुणी आयता दिला की लई गोड लागतो गं."

आज संध्याकाळी आपण निघू. निघण्यापूर्वी जिच्या घरी झोपलो तिला एवढे विचारा : बाई, तू माझ्याकडे कधी येतेस? आणि तारीख ठरवूनच उठा.