‘लक्ष नव्हते’ हे उत्तर नव्हे



 मानसशास्त्राच्या अधिवेशनात अध्यक्षांनी विषयाचा सर्वांगीण आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती मोडून मी आज एकाच वाक्याच्या मागे लागणार आहे : ‘त्याचे लक्ष नव्हते.’ अपघाताच्या चौकशीत, रुग्णाच्या तक्रारीत, शाळेच्या पालकसभेत हे वाक्य उच्चारले, की विषय मिटतो आणि दोष एका माणसाच्या नावावर चढतो. आपले शास्त्र मात्र गेली सत्तर वर्षे वेगळे काही सांगत आहे.

1953 मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळे मजकूर ऐकवले. एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचा, एवढेच काम. दुसऱ्या कानात पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली, तर ते कळे; पण इंग्रजीची जर्मन झाली, तरी ते बहुतेकांच्या गावीही नसे. त्यावरून डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी 1958 मध्ये नको असलेला आवाज तोडून टाकणाऱ्या गाळणीची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी नेव्हिल मोरे यांना दिसले, की ‘बंद’ कानात स्वतःचे नाव आले, तर सुमारे एकतृतीयांश लोक ते टिपतात. अ‍ॅन ट्रीझमन यांनी गाळणी दुरुस्त केली : नको असलेला आवाज तोडला जात नाही, मंद केला जातो. मतभेद गाळणी कुठे आणि किती गाळते, याविषयी होते. एक गोष्ट निवडली, की बाकीच्या मागे पडतात, याविषयी नव्हते. म्हणजे निसटणे हा अवधानातला बिघाड नाही, तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

तज्ज्ञांचे तरी असे होत नसेल, असे कुणाला वाटेल. 2013 मध्ये ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी 24 रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचे चित्र घालून ठेवले होते, सरासरी गाठीच्या 48 पट मोठे. चोवीसपैकी वीस जणांना ते दिसले नाही. या वीस जणांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. ते गाठी शोधत होते, आणि नेमके म्हणूनच गोरिला निसटला.

दुसरा प्रश्न वेळेचा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांच्या शोधात उडणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडारचालक खुणा चुकवू लागले. याचे कारण शोधण्यासाठी नॉर्मन मॅकवर्थ यांनी कोरी तबकडी घेतली. तिच्यावरचा काटा सेकंदाला एक टप्पा सरके आणि मधूनच, क्वचित, दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली, की बटण दाबायचे. बैठक दोन तासांची. पण पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या अधिक प्रमाणात निसटू लागल्या. अर्ध्या तासाने पाळी बदलली, तर मात्र कामगिरी टिकून राहिली. काम तेच होते, बदलले ते वेळापत्रक.

जे शोधायचे ते दुर्मीळ असेल, तर काम आणखी अवघड होते. वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या 2005 मधल्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत होती, तेव्हा ती सुमारे 7 टक्के वेळा निसटली. शंभरात एकाच चित्रात होती, तेव्हा 30 टक्के. विमानतळावर सामानाची तपासणी करणाऱ्याची आणि हजारो निरोगी अहवालांतून एक आजार हुडकणाऱ्याची परिस्थिती याहून फारशी वेगळी नसते.

याचा अर्थ सगळ्यांना माफी, असा मुळीच नाही. गाडी चालवताना मोबाइलवर बोलणाऱ्याचे सिग्नल चुकतात, हात मोकळे असले तरी चुकतात, हे स्ट्रेअर आणि जॉन्स्टन यांनी 2001 मध्येच दाखवले आहे. तिथे फोन घेण्याची निवड चालकाची असते, म्हणून जबाबदारीही त्याची. पण पहारेकऱ्याला सलग आठ तास एका पडद्यासमोर बसवण्याची निवड त्याची नसते. ती ज्याची असते, त्याचे नाव अहवालात क्वचितच सापडते.

म्हणून आपल्यापैकी ज्यांना चौकशी समित्यांवर बोलावले जाते, त्यांना माझी विनंती आहे. ‘मानवी चूक’ या शेऱ्याखाली सही करण्याआधी विचारा : हा माणूस किती वेळ कामावर होता? पाळी कधी बदलायची होती? नेमके काय शोधायला सांगितले होते? तशी गोष्ट याआधी शेवटची कधी आढळली होती? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागा.

आणि सुरुवात आपल्याच घरापासून करू. तीन तासांच्या परीक्षेत एकाच पर्यवेक्षकाला एकाच वर्गात उभे करून कॉपीसाठी त्यालाच जाब विचारण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत आहे. मॅकवर्थ शिकवणाऱ्या विभागांनी तरी ती बदलावी. पर्यवेक्षकांच्या पाळ्या अर्ध्या तासाने बदलण्याचा ठराव या अधिवेशनाने करावा, असे मी सुचवते. तो मांडायला मी तयार आहे, अनुमोदक हवा आहे.