गैरहजर मित्रासाठी



आवडीच्या एका गोष्टीवर पाच मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वर हिअर' या अल्बमवर बोलणार आहे. मागच्या बाकावरून 'आला हा पुन्हा इंग्रजी गाण्यांवर' असा आवाज आलाच! पण ही शाळासोबत्यांचीच गोष्ट आहे.

रॉजर वॉटर्स आणि सिड बॅरेट इंग्लंडमधल्या केंब्रिजला एकाच शाळेत होते. अल्बमचं मुखपृष्ठ करणारा स्टॉर्म थॉर्गरसनही तिथलाच. गिटारवाला डेव्हिड गिल्मोर दुसऱ्या शाळेतला, पण सिडचा मित्र. पुढे लंडनमध्ये बँड नावारूपाला आला तो सिडच्या गाण्यांवर. 'पिंक फ्लॉइड' हे नावसुद्धा त्यानेच दोन ब्लूज गायकांच्या नावांतून जुळवलेलं.

1967 मध्ये सिडचं मन ढासळायला लागलं. त्यात एलएसडी. मैफलीत तो वाजवायचा थांबून नुसता उभा राही. जानेवारी 1968 मध्ये एका कार्यक्रमाला निघताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला गाडी नेलीच नाही. भांडण नाही, निरोप नाही. मला ही गोष्ट फार टोचते.

1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ने त्यांना अमाप पैसा दिला. त्यानंतर ॲबी रोड स्टुडिओत बसले, तर काही सुचेना. गिल्मोरच्या गिटारवर चार स्वर उमटले आणि त्यातून वॉटर्सने सिडवरचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लिहिलं. त्याचे नऊ भाग. पाच अल्बमच्या सुरुवातीला, चार शेवटी. पहिला शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. ख्याल ऐकणाऱ्यांना याचं काही वाटणार नाही. सुरुवातीच्या सुरांखाली एक काचेरी गुंजन आहे. ते काचेच्या पेल्यांच्या कडेवर ओलं बोट फिरवून काढलेलं.

5 जून 1975 ला स्टुडिओत एक लठ्ठ माणूस आला. डोकं आणि भुवयासुद्धा भादरलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर वॉटर्सला रडू आलं. काल दारात आपणही एकमेकांच्या छातीवरची नावं वाचूनच हसत होतो, तेव्हा मला हाच प्रसंग आठवत होता.

मधल्या तीन गाण्यांपैकी दोन रेकॉर्ड कंपन्यांच्या धंद्यावरचा राग आहेत. चांगली आहेत, पण माझा जीव तिसऱ्यात, अल्बमच्या नावाच्याच गाण्यात. रेडिओची खुंटी फिरते, खरखरीतून एक बारीक गिटार ऐकू येते. मग अगदी जवळ दुसरी गिटार तिला साथ देऊ लागते. जणू घरात एकटा बसलेला कुणी रेडिओबरोबर वाजवतोय. मध्येच तो खोकतोसुद्धा! एवढ्या मोठ्या बँडने तो खोकला पुसला नाही, म्हणून मला ते गाणं खरं वाटतं. आणि अल्बम संपता संपता रिचर्ड राइट कीबोर्डवर सिडच्या 1967 च्या 'सी एमिली प्ले'ची चाल हळूच वाजवतो. लक्ष नसेल तर निसटते.

पुढे वॉटर्स आणि बाकीचे यांच्यात कोर्टापर्यंत भांडणं गेली. तरी 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे 24 वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि हे गाणं सिडसाठी म्हटलं. सिड तिथे नव्हता. वर्षभराने, 7 जुलै 2006 ला तो गेला.

हा अल्बम मला कॅसेटवर भरून दिला तो आपल्याच वर्गातल्या एकाने. कव्हरवर गाण्यांची नावं हिरव्या शाईने लिहिलेली. कॅसेट अजून वाजते. नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंच असेल. कालच्या यादीत त्याच्या नावापुढे 'संपर्क नाही' एवढंच आहे. दहावीनंतर तो कुठे गेला, घरचं काय झालं, कुणाला काही माहीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा. मी पाण्याच्या टाकीपाशी थांबतो.