चित्रातला घोडा

मिकेले रुज्जेरी हे इटालियन जेझुइट धर्मगुरू १५७८ साली गोव्यास आले आणि १५७९ मध्ये मकावला जाऊन, पस्तिशी गाठल्यावर, चिनी भाषेचे विद्यार्थी झाले. दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मिळेना. तेव्हा एक चित्रकार घोडा काढून दाखवी आणि म्हणे, ‘मा’. परंतु स्वराचा चढउतार बदलला, की ‘मा’ म्हणजे आई, नाहीतर रागे भरणे! सोबत्यांना हा सारा कालापव्यय वाटे. तरीही १५८४ साली रुज्जेरींचे चिनी धर्मबोधाचे पुस्तक छापून निघाले. विद्वानालाही नव्या भाषेत मूल व्हावे लागते. वर्गात अडखळणाऱ्या मुलाला हसण्यापूर्वी आम्हां शिक्षकांना तो घोडा आठवावा.