माल बाजारात नेण्याआधी पेटंट तपासा

खोपोली, खालापूर, कर्जत भागात तुम्ही एखादं नवं यंत्र किंवा अवजार तयार केलंत, तर ते विकायला काढण्याआधी एक काम जरूर करा. त्यातलं तंत्र कुणाच्या पेटंटमध्ये नाही ना, हे तपासा.

उदाहरणार्थ, पुण्याच्या बजाज ऑटोकडे लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग वापरण्याच्या तंत्राचं पेटंट होतं. २००७ मध्ये टीव्हीएस कंपनीने दोन प्लगची ‘फ्लेम’ मोटरसायकल आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००८ मध्ये मनाई हुकूम निघाला. तो उठायला २००९ उजाडलं. मोठी कंपनी असा खोळंबा सोसते, छोट्या उद्योजकाचं भांडवलच अडकतं.

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इनपास’ ही मोफत शोधसुविधा आहे. वस्तूचं नाव, तिचं काम, तिचे भाग असे वेगवेगळे शब्द इंग्रजीत घालून शोधा. पेटंट सापडलं, तर त्यातले दावे बारकाईने वाचा. हक्काची हद्द तिथेच ठरते. पेटंट चालू आहे का, तेही पाहा. मुदत अर्जापासून २० वर्षं असते, पण शुल्क थकलं तर हक्क आधीच संपतो. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, म्हणून काही काळाने पुन्हा शोधा. माल परदेशात पाठवायचा असेल, तर त्या देशातली पेटंटंही तपासा.

शंका उरली, तर नोंदणीकृत पेटंट एजंटचा सल्ला घ्या. साच्यावर पैसे घालण्याआधीच हा शोध पूर्ण करा.